कुकर-शेगडीसाठी सावकाराचं कर्ज काढू का?

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात एका खोलीत राहणाऱ्या ताईंचं पत्र आलंय. राजवाड्याजवळच्या कापड दुकानात पगार 11,000, खोलीभाडं 3,000. घरात सासूबाई आणि सहावीतला मुलगा. गॅस नाही, म्हणून सकाळी पोहे-कचोरीला 60 आणि रात्री दोन डब्यांना 120, म्हणजे महिन्याला 5,400 बाहेरच्या खाण्यावर. गॅस, शेगडी, कुकर, भांडी यासाठी सावकाराकडून महिना शेकडा 5 नं 8,000 घेऊ का, असं त्या विचारतात. "घरी केलेलं स्वस्त पडतं हे मलाही कळतं हो," असंही लिहिलंय.

ताई, घरचं जेवण स्वस्त पडतं ते किराण्याचे डबे भरलेल्या घरात. तुम्ही दहा रुपयांचं तेल बाटलीत आणता, ते लिटरच्या भावापेक्षा महागच पडतं. फ्रिज नाही, वैशाखात सकाळचं वरण संध्याकाळपर्यंत आंबतं. नळाला एक दिवसाआड पाणी, आणि तुम्ही दहा तास उभ्या राहून रात्री नऊला घरी पोचता. याला कुणी आळस म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका.

आता हिशोब. धान्य रेशनचं धरलं, तर डाळ, तेल, भाजी, दूध, गॅस मिळून 3,200 लागतील. कागदावर 2,200 वाचतात, पण मी तेवढे धरणार नाही. आठवड्यातून तीन रात्री तरी डबा येईलच, आणि येऊ द्या. हाती 1,200 उरतील. त्यातले 400 दरमहा व्याजात जातील, वर्षभरात 4,800 भरूनही मुद्दल 8,000 तसंच राहील. हे कर्ज घेऊ नका.

तुम्हाला एवढे लागणारही नाहीत. रेशनकार्ड बुऱ्हाणपूरचं आहे म्हणून धान्य सोडून दिलंय, असं तुम्ही लिहिलंय. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. कार्डाला आधार जोडलेलं असेल तर इंदूरच्या रेशन दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. माणशी 5 किलो, तिघांचं 15 किलो, फुकट. आधी हे करा.

गॅससाठी एजन्सीत उज्ज्वलाचा अर्ज द्या. घरात दुसरं कनेक्शन नसलेल्या गरीब कुटुंबातल्या बाईच्या नावावर ते मिळतं. अनामत नाही, शेगडी आणि पहिला सिलिंडर मोफत. बाहेरगावाहून आलेल्यांना पत्त्यासाठी स्वतःचं लेखी निवेदन चालतं. भाडेपावती नाही म्हणून परत पाठवलं, तर हे ठामपणे सांगा.

मग उरतात कुकर, तवा, परात, चार डबे. अडीच हजारांत बसतात. तुमची 5,000 ची भिशी दिवाळीत लागणार आहे. नंबर अलीकडे घेता येतो का, भिशीवाल्या बाईंना विचारा. उरलेल्या पैशांत तेल लिटरनं आणि डाळ पाच किलो एकदम भरा.

कुकर पाच लिटरचा घ्या. तीन लिटरचा स्वस्त मिळतो, पण त्यात तिघांचं वरण, भात आणि बटाटे एकदम बसत नाहीत, गॅस दोनदा पेटवावा लागतो.