नव्या बोटीचं वायरिंग कारखान्यातूनच सदोष आलं असेल तर दोष कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की इंजिनला सेल्फ मारला की प्लॉटर (जीपीएस नकाशाचा स्क्रीन) बंद होऊन पुन्हा चालू होतो, दिवे मंदावतात, बिल्ज पंप (तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) कधी चालतो तर कधी नाही, आणि डीलरच्या सांगण्यावरून बॅटरी बदलूनही फरक पडला नाही. मुंबई-मांडवा पट्ट्यात मी बोटींचं इलेक्ट्रिकल काम करतो. माझा स्पष्ट सल्ला: आता आणखी एकही वस्तू बदलू नका. प्लॉटर आणि दिवे एकाच वेळी रडायला लागतात तेव्हा दोष त्यांच्यात नसतो, दोघांना वीज पोचवणाऱ्या सामाईक वाटेत असतो. आणि नव्या बोटीत ती वाट बहुधा निगेटिव्हच्या बाजूला अडलेली सापडते, कारण तिकडे कोणी बघतच नाही.

डीलरचा माणूस मल्टीमीटर लावून 12.6 व्होल्ट दाखवतो आणि सगळं ठीक आहे म्हणतो. लोड नसताना घेतलेल्या या मापाला अर्थ नाही. पाइप अर्धा तुंबलेला असला तरी नळ बंद असताना दाब पूर्णच दिसतो, तसं आहे हे. म्हणून सगळे दिवे, प्लॉटर, जे काही आहे ते चालू करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा, लगवर (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर) नाही, थेट शिशाच्या खांबावर. दुसरी प्लॉटरच्या मागच्या निगेटिव्ह टोकावर. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत वाया जाताहेत. एबीवायसी या अमेरिकेतल्या बोटींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार इलेक्ट्रॉनिक उपकरणं आणि नेव्हिगेशन दिवे यांना जाता-येता मिळून 3 टक्क्यांहून जास्त घट चालत नाही, म्हणजे 12 व्होल्टला 0.36. एकट्या निगेटिव्ह बाजूला तुम्हाला 0.8 किंवा 1 दिसला तर चोर तिथेच आहे. आता दुसरी काडी एकेक जोड मागे आणत या: टर्मिनल, बसबार (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी), मेन केबलचा लग. ज्या जोडाला आकडा एकदम पडतो, तो जोड खोला. मग हेच पॉझिटिव्हच्या बाजूने करा.

सेल्फ मारतानाचं माप वेगळं घ्या, दुसऱ्या माणसाला चावीवर उभं करून. बॅटरीच्या खांबांवर व्होल्टेज साधारण साडेदहाच्या वर टिकतंय पण प्लॉटरपाशी आठ-नऊवर येतंय, तर वायरिंग दोषी. खांबांवरच कोसळत असेल तर बॅटरी, तिचं चार्जिंग किंवा स्टार्टर बघावा लागेल.

खोलल्यावर काय दिसतं ते सांगतो. लगची वायर दोन बोटांत धरून ओढली की सुटून हातात येते, कारण क्रिम्प, म्हणजे लग वायरवर दाबून केलेला जोड, साध्या पक्कडीने चेपलेला असतो. वरचं इन्शुलेशन इंचभर सोललं तर आत तांबं काळं पडलेलं, टोकाला हिरवट कळंक. कथिलाचा मुलामा नसलेली साधी वायर वापरली की खारी हवा आतून वर चढत जाते. अशी वायर पॉलिश करून पुन्हा जोडू नका, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. रॅचेट क्रिम्परने लग बसवा आणि गोंदवाली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसत्या सोल्डरवर जोड ठेवू नका, धक्क्यांनी तो कडेला तुटतो. बॅटरीच्या जाड केबलवर हाताने फिरवायचे विंग नट असतील तर काढून टाका, स्प्रिंग वॉशरसह षट्कोनी नट लावा. फायबरच्या भिंतीतून वायर जिथे जाते त्या भोकाला रबरी ग्रोमेट आहे का, तेही बघा. नसेल तर ती धार इन्शुलेशन कापत राहते.

पंपाचं प्रकरण वेगळं आहे आणि तेच आधी हाताळा. मेन स्विच बंद करा आणि फ्लोट (पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा तरंगता स्विच) हाताने वर उचला. पंप चालायलाच हवा. नाही चालला तर कारखान्याने ऑटोची, म्हणजे फ्लोटची, वायर मेन स्विचच्या पुढून घेतलेली असू शकते. तसं असेल तर बोट मूरिंगवर सोडून तुम्ही घरी आलात की तिचा पंप मेलेला असतो. ती वायर स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीवर आणा, फ्यूज बॅटरीपासून 7 इंचांच्या आत. आणि पंपाचा फ्यूज उडतो म्हणून कोणी मोठा टाकून दिला असेल तर आजच काढा. फ्यूज वायरला जळण्यापासून वाचवतो. पेट्रोलच्या बोटीत हे हलक्यात घेण्यासारखं नाही. हात घालण्याआधी झाकणं उघडून हवा खेळू द्या, वास गेल्याची खात्री करा, आणि जोड खोलताना बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असू द्या.

वॉरंटीत आहात, म्हणून मापं घ्या पण कापाकापी इतक्यात करू नका. मीटरचा आकडा दिसेल असा प्रत्येक जोडाचा फोटो आणि व्हिडिओ काढा. बोटीवरच्या बिल्डर प्लेटवर एनएमएमए (अमेरिकेतली बोट उद्योगाची संघटना) किंवा सीई (युरोपचं चिन्ह) लिहिलंय का बघा. त्या कारखान्याने कोणत्या मानकानुसार बोट बांधल्याचा दावा केलाय ते त्यावरून कळतं, आणि पत्रात तेच मानक दाखवून बोलता येतं. डीलर आणि कंपनी दोघांना लेखी कळवा, फोनवर नको. पंपाच्या वायरसाठी मात्र थांबू नका, लेखी कळवून लगेच दुरुस्त करून घ्या, बिल जपून ठेवा. बोट स्वतःच्या वापरासाठी घेतली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांपर्यंत ग्राहक आयोगाकडे जाता येतं. निगेटिव्ह बाजूचे आकडे इथे टाका, कोणता जोड आधी खोलायचा ते सांगतो.