मोटरहोमच्या इंजिनाची बॅटरी बदलताना आधी वीज कुठून कुठून येते ते शोधा

आपण विचारले आहे की जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेल्या आपल्या मोटरहोमचा (म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचा) सेल्फ सकाळी जेमतेम फिरतो, इंजिनाची बॅटरी बदलायला आली आहे असे वाटते, आणि छतावर सोलर पॅनेल व मागे घरगुती वापराची वेगळी बॅटरी असताना हे काम अंगणात स्वतः करणे सुरक्षित आहे का. मी धुळ्यात गाड्यांच्या वायरिंगची कामे करतो. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही महामार्ग इथे एकमेकांना छेदत असल्याने ट्रक, बस आणि अलीकडे अशा राहत्या गाड्याही हाताखालून जातात. काम आपण नक्की करू शकता, पण साध्या मोटारीची पद्धत जशीच्या तशी इथे लावू नका. मोटारीत एकुलती एक बॅटरी सोडली की गाडीतली वीज गेली असे धरून चालता येते. मोटरहोममध्ये तसे धरून चालणे हाच खरा धोका आहे.

त्याआधी बॅटरीच दोषी आहे याची खात्री करून घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सोलरचा प्रकाश पडण्याआधी, साध्या मीटरने बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये व्होल्टेज मोजावे. १२.६ च्या आसपास आले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर ती उतरलेली आहे. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून तेवढ्या क्षणी मीटरकडे पाहा. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊच्याही खाली कोसळत असेल तर ती आतून गेली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसले पाहिजे. ते दिसत नसेल तर दोष अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, बाजूला आहे, आणि नवी बॅटरीही काही दिवसांत तशीच बसेल.

आपल्याकडे बॅटरी थंडीत दगा देते, पण तिचे नुकसान उन्हाळ्यातच झालेले असते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीच्या आतली झीज जवळपास दुप्पट वेगाने होते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणून डिसेंबरातल्या गार पहाटे सेल्फ कण्हू लागला तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

आता मुख्य मुद्दा. आपल्या गाडीत इंजिनाच्या बॅटरीपर्यंत वीज पोचण्याच्या वाटा किती आहेत ते काम सुरू करण्याआधी कागदावर लिहून काढा. अल्टरनेटर इंजिन बंद असताना वीज देत नाही, म्हणून तो सोडून द्या. पण घरगुती बॅटरी आणि इंजिनाची बॅटरी यांना जोडणारी एक जाड वायर असते व तिच्या मध्ये रिले (आपोआप जोडला-तुटणारा स्विच) किंवा डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरी चार्ज करणारे यंत्र) असतो. काही रिले दोन्ही बाजूंनी काम करतात. सोलरमुळे घरगुती बॅटरीचे व्होल्टेज १३.३ च्या आसपास चढले की असा रिले आपोआप जोडला जातो आणि पुढच्या बॅटरीलाही चार्ज देऊ लागतो. चावी आपल्या खिशात आहे, इंजिन बंद आहे, आणि तरीही खानदेशातल्या भर दुपारी त्या वायरीत पूर्ण ताकदीची वीज खेळत असते. घरगुती बॅटरीची ऋण बाजू बहुधा गाडीच्या बॉडीलाच जोडलेली असते, त्यामुळे सोडलेला धन क्लॅम्प (टर्मिनलवर आवळायची वायरीची पकड) बॉडीला टेकला तर ठिणग्या मागच्या बॅटरीच्या जोरावर उडतात. याखेरीज बाहेरून २३० व्होल्ट घेणारा चार्जर असेल, आणि कधी सोलर कंट्रोलरमधून (पॅनेलची वीज बेताने बॅटरीत सोडणाऱ्या डब्यातून) थेट इंजिनाच्या बॅटरीला गेलेली एक बारीक वायरही असते.

या वाटा बंद करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. बाहेरचा विजेचा प्लग काढावा आणि इन्व्हर्टर बंद करावा. नंतर सोलर पॅनेलचा स्विच पाडावा किंवा पॅनेलकडून कंट्रोलरकडे येणारी जोडणी सोडवावी; बॅटरी आधी काढून पॅनेल मात्र जोडलेले ठेवले तर अनेक कंट्रोलर बिघडतात, कारण बारा व्होल्टचे म्हटले जाणारे पॅनेल मोकळे असताना वीस व्होल्टच्या आसपास देते. त्यानंतर दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरीचा घरगुती बॅटरीजवळचा फ्यूज काढून खिशात ठेवावा. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि गाडी थोडा वेळ तशीच राहू द्यावी. चार्ज होताना बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हलका असतो आणि हवेत चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. स्वयंपाकाचा गॅस जड असतो आणि फरशीलगत साचतो. ज्या गाड्यांत बॅटरी केबिनच्या फरशीखाली बसवलेली असते तिथे हे दुसरे विसरून चालणार नाही. विडी, सिगारेट किंवा उदबत्ती जवळ नको, हे सांगायला नकोच.

काम सकाळी, सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून आणि चाकाला दगड लावून करावे. चावी काढून खिशात ठेवावी, एक खिडकी उघडी असू द्यावी, कारण वीज परत जोडताना काही गाड्यांचे दरवाजे आपोआप लॉक होतात. नवी, बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाची) गाडी असेल तर चावी काढल्यानंतर काही मिनिटे थांबावे. तिच्या यंत्रणा लगेच झोपत नाहीत. अंगठी, कडे, स्टीलचे घड्याळ उतरवून ठेवावे. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. जवळ पाण्याची भरलेली बादली ठेवावी. ॲसिड डोळ्यांत उडाले तर निदान पंधरा मिनिटे धारेखाली डोळा धुवून लगेच दवाखाना गाठायचा असतो.

आधी ऋण टर्मिनल सोडायचे. कारण असे की बहुतेक गाड्यांची सगळी बॉडी ऋण असते. आधी धन बाजूच्या नटावर पान्हा लावला आणि त्याचे दुसरे टोक बॉडीला टेकले, तर शेकडो अँपिअर त्या पान्ह्यातून वाहतात, तो तिथेच चिकटू शकतो आणि क्षणात तापतो. बाकीच्या वाटा बंद असतील तर ऋण आधी सोडल्यावर तीच चूक निरुपद्रवी ठरते. तरीही पान्ह्याच्या दांड्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळणे मी कधीच टाळत नाही. ऋण क्लॅम्पवर बॅटरी सेन्सरचा छोटा डबा असेल तर त्याला पेचकसाने उचकटू नये.

आता थांबून मीटर हातात घ्या, कारण कागदावरची यादी पुरी होती की नाही ते इथे कळते. ऋण वायर टेपने झाकून बाजूला बांधल्यावर धन क्लॅम्प आणि बॉडीचा स्वच्छ धातू यांमध्ये व्होल्टेज मोजा. आकडा पाच-दहा मिनिटांत शून्याकडे उतरला तर ठीक. यंत्रणांतला साठलेला चार्ज जायला तेवढा वेळ लागतो. तो बारा-तेरावर ठाम राहिला, तर कुठली तरी वाट अजून उघडी आहे. ती सापडेपर्यंत धन बाजूला हात लावू नये. अनेक गॅरेजांत वायर टर्मिनलला टेकवून ठिणगी पडते का ते पाहण्याची सवय आहे. बॅटरीच्या तोंडाशी मुद्दाम ठिणगी पाडणे मला अजिबात मान्य नाही. मीटर काही महाग नसतो.

धन क्लॅम्पवर सहसा एकच वायर नसते. सेल्फकडे जाणारी जाड वायर, फ्यूज बॉक्सची वायर, आणि गाडी बदलून घेताना नंतर जोडलेल्या एक-दोन बारीक वायरी अशी गर्दी असते. आधी फोटो काढा, प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नाव लिहून लावा, मग क्लॅम्प सोडून त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा. खालचा पकडपट्टीचा नट काढल्यावर बॅटरी सरळ उभी उचलावी. ती वीस-पंचवीस किलोंची असते, त्यामुळे दुसरा माणूस सोबत हवा. टर्मिनलवरचा पांढरा-निळसर थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून क्लॅम्प आतून घासून कोरडा करावा.

नवी बॅटरी घेताना अँपिअर-तास (म्हणजे तिची साठवणक्षमता), आकार आणि धन टर्मिनल कोणत्या बाजूला आहे या तीन गोष्टींची खात्री दुकानातच करावी. बाजू उलटी असली तर वायर ओढून बसवण्याचा मोह होतो. बनवल्याची तारीखही पाहावी. लोडशेडिंगमुळे आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ओळखीची आहे, पण ती इथे चालत नाही, कारण तिच्या जाड प्लेटा तासन्‌तास थोडी थोडी वीज देण्यासाठी असतात, तर सेल्फला दोन-तीन सेकंदांत शेकडो अँपिअर लागतात. पाणी घालण्याचा प्रकार असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरावे. बोअरचे पाणी नको, आणि वरून ॲसिड तर कधीच नको.

बसवताना पकडपट्टी पक्की करून आधी धन, शेवटी ऋण जोडावे. क्लॅम्प हातोडीने ठोकू नये. टर्मिनल आतून निखळते. घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. बॅटरीतला वायू बाहेर नेणारी नळी जुन्या बॅटरीला असेल तर ती नवीलाही लावलीच पाहिजे. इंजिन चालू करून चार्जिंगचे व्होल्टेज पाहावे, मग दोन बॅटऱ्यांमधला फ्यूज, त्यानंतर सोलर आणि सर्वांत शेवटी बाहेरचा प्लग, या क्रमाने एकेक वाट उघडावी. आपली गाडी चोवीस व्होल्टची असेल, म्हणजे बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतील, तर दोन्ही एकदमच बदलाव्यात.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. तिच्यातले ॲसिड गटारात ओतले जाते आणि शिसे उघड्यावर वितळवले जाते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये ती अधिकृत संकलनाकडेच गेली पाहिजे, आणि विक्रेता ती परत घेऊन बहुधा किमतीत सूटही देतो. ती नेताना उभीच ठेवावी आणि टर्मिनलांवर टेप लावावी, कारण गेलेल्या बॅटरीतही ठिणगी पाडण्याइतकी वीज शिल्लक असते.