नेदरलँड्समधल्या इंडोनेशियन टोकोत, म्हणजे तयार पदार्थ विकणाऱ्या दुकानात, शाकाहारी माणसाने काय घ्यावे?

काउंटरवर 'नासी रामेस' मागा, म्हणजे भात आणि काचेमागच्या भाज्यांतून निवडलेले दोन-तीन प्रकार. भात पांढराच घ्या. नासी गोरेंगमध्ये, म्हणजे परतलेल्या भातात, बरेचदा हॅम किंवा कोळंबी असते. खरी अडचण त्रासीची, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीच्या पेस्टची. ती सांबालमध्ये (मिरचीच्या तिखट चटणीत), कधी गाडो-गाडो या भाज्यांच्या पदार्थावरच्या शेंगदाण्याच्या सॉसमध्येही विरघळलेली असते, डोळ्यांना दिसत नाही. नुसते 'व्हेगेटारिस' (शाकाहारी) आहे का विचारलेत तर मांस नाही एवढेच उत्तर मिळू शकते. म्हणून थेट विचारा: 'झिट एर त्रासी इन?' (यात त्रासी आहे का?) पदार्थात कोळंबीसारखे कवचधारी प्राणी आहेत का, याची माहिती देणे युरोपीय कायद्याने सक्तीचे आहे, तेव्हा बिलकूल संकोच नको. क्रुपुक, म्हणजे कुरकुरीत पापड, बहुधा कोळंबीचे असते. त्याऐवजी मेलिंजो बियांचे एम्पिंग घ्या, किंचित कडवट पण फार छान! पाकिटांवर 'गार्नालेन' (garnalen, म्हणजे कोळंबी) शब्द शोधा.