नक्षी समजून मी ज्या खाचा उडवल्या

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या तुमच्या कंपनीत डिझायनर आणि इंजिनिअर यांचं पटत नाही, ड्रॉइंग मंजूर होऊनही वस्तू भलतीच बाहेर पडते, हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि मला माझं, नाशिकच्याच अंबड वसाहतीतलं झाकण आठवलं.

द्राक्षबागेसाठीचं ट्रॅक्टरवर चालणारं फवारणी यंत्र होतं. झाकण वेलीच्या काड्यांत अडकू नये म्हणून डिझायनर बाईंनी ते टाकीत खोल बसवलं, आणि कडेला बोटांसाठी खाचा ठेवल्या. मला ती नक्षी वाटली. टूलरूमवाल्याने, म्हणजे साचा बनवणाऱ्याने, तेवढ्याचे जादा पैसे सांगितले, मी परस्पर खाचा उडवल्या. बाईंना एक फोनही केला नाही. ट्रायल झाली, थेंबभर गळती नाही, आम्ही पेढे वाटले.

ऑक्टोबर छाटणीनंतर डावणीच्या, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या, फवारण्या सुरू झाल्या आणि ओल्या हातमोज्यांनी झाकण उघडेना. पिंपळगावकडे एका बागेत गडी पान्हा आणि हातोडी घेऊन बसलेला मी पाहिला.

दुरुस्तीही सोपी नव्हती. वस्तूवर उंचवटा हवा तर साच्याचं पोलाद कोरलं की झालं. खाच हवी तर साच्यात पोलाद वाढवावं लागतं, म्हणजे वेल्डिंग नाहीतर नवा इन्सर्ट, साच्यात बसवायचा वेगळा तुकडा. उंचवटे दिले असते तर झाकण खळग्यात मावलं नसतं. इन्सर्ट येईतो हंगाम संपला.

तेव्हापासून माझा हट्ट आहे की ड्रॉइंगवर मापाशेजारी ते 'का' आहे हेही लिहायचं. आणि साच्याची ऑर्डर देण्याआधी थ्रीडी प्रिंटचं झाकण घेऊन डिझायनर आणि इंजिनिअर दोघांनी एकत्र बागेत जायचं. वेगवेगळं जाऊन दोन रिपोर्ट आणले तर पुन्हा मीटिंगमध्ये भांडणच.

मालकांबद्दल न बोललेलं बरं. डिझायनरला बोलावतात शेवटी, रंग आणि स्टिकर निवडायला, आणि वर म्हणतात त्यांना प्रॉडक्शन कळत नाही. टूलरूमच्या दारात कधी उभं केलंय का त्यांना? अर्थात मी प्लास्टिक-पत्र्यातला माणूस, ॲपवाल्यांना यातलं किती लागू पडेल ते त्यांनी बघावं.

जाता जाता: आकार नवा असेल तर प्रदर्शनात मांडण्याआधी डिझाइन नोंदणीचा अर्ज टाका. संरक्षण 10 वर्षं, पुढे 5 वर्षं वाढवता येतं, पण फक्त दिसण्याला. यंत्र चालतं कसं त्याला नाही.

आणि बागेत सकाळी लवकर पोचा. ऊन चढलं की फवारणी थांबते, मग रिकाम्या टाकीचे फोटो काढून परत याल.