समितीवर नव्याने आलेल्या सुजाताला

सुजाता, प्राण्यांवरच्या प्रयोगांचे अर्ज तपासणाऱ्या प्राणी-नैतिकता समितीवर आलीस, छान. आपल्या बडोद्यात गच्च्यांवर धुडगूस घालतात ती काळतोंडी वानरं. अर्जात मात्र बहुधा लाल तोंडाची ऱ्हीसस माकडं असतील. आधी विचार, माकडच का? ‘नेहमी तेच वापरतात’ हे उत्तर चालवून घेऊ नकोस. २०२० मध्ये कोव्हॅक्सिन २० ऱ्हीससांवर तपासली. तिथे कारण तरी होतं.

मग पिंजरा. एकेकटं ठेवणार की जोडीनं? यावर अर्जात जेमतेम दोन ओळी असतात, तिथेच खोदून विचार. माकड कळपातलं जनावर, एकटं पडलं की स्वतःचेच केस उपटायला लागतं. वेदनाशामक कोणतं, किती वेळाने, तेही.

माकडांच्या अर्जाला अंतिम मंजुरी दिल्लीची केंद्रीय समिती देते, पण म्हणून ढिली पडू नकोस. आक्षेप असेल तर इतिवृत्तात लिहवून घे, चहापानात बोललेलं कुणी दिल्लीला पाठवत नाही.