अर्मेनियन चर्चच्या बाजाराला आम्ही हिंदू, शाकाहारी माणसांनी जावं का?

तुम्ही लिहिलंय की बॉस्टनजवळ नवीन आहात, कोपऱ्यावरच्या अर्मेनियन चर्चबाहेर बाजाराचा, म्हणजे त्यांच्या खाण्यापिण्याच्या जत्रेचा, बोर्ड लागलाय, आणि जावं की नाही, गेलं तर कपडे कोणते, कळत नाही.

जा. बोर्ड रस्त्यावरच्या माणसासाठीच लावतात. कुणी धर्म विचारत नाही. यालान्ची सार्मा मागा: भात, कांदा, लिंबू द्राक्षाच्या पानात गुंडाळून ऑलिव्ह तेलात शिजवतात, त्यात मांस नसतं. लाहमाजून म्हणजे पातळ रोटी, तिच्यावर खिमा असतो. पिलाफ, म्हणजे त्यांचा पुलाव, बरेचदा कोंबडीच्या रश्शात शिजवतात, विचारून घ्या. सू-बोरेग म्हणजे पिठाच्या थरांत चीज घालून भाजलेला पदार्थ, त्याच्या पिठात अंडं असतं.

पण नुसतं ताट भरून घ्याल, खाल आणि घरी याल, तर तुम्ही बाजार पाहिलाच नाही असं मी म्हणेन. बाजार त्या शनिवारी नसतो. तो आधी कित्येक आठवडे चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात असतो.

मी बॉस्टनजवळच्याच वॉटरटाउनला १९ वर्षं राहते. त्याआधी मुंबईत फोर्टात नोकरी करत होते. तिथे १७९६ सालचं अर्मेनियन चर्च आहे. त्याच्यावरून रोज जायचे, एकदाही आत डोकावले नाही. इथे आल्यावर शेजारच्या अर्मेनियन आजींनी एका ऑक्टोबरात विचारलं, तुला हाताचं काम येतं का? मी म्हटलं, अळूवडी येते. त्या मला घेऊनच गेल्या.

लांब टेबलाभोवती पंधरा-वीस बायका, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. पान खाऱ्या पाण्यातून काढायचं, धुवायचं, देठ खुडायचा, शिरांची बाजू वर ठेवायची, चिमूटभर सारण, कडा आत, वळून टाकायचं. मी अळूवडीच्या सवयीने जाडजूड वळली. आजींनी ती उचलली, उलगडली, पान माझ्यापुढे सरळ करून ठेवलं. एक शब्द नाही. दुसरी, तिसरी, तसंच. मग आपली करंगळी माझ्यापुढे धरली. एवढी हवी. त्या दिवशी माझ्या किती उलगडल्या गेल्या कोण जाणे, पण निघताना पातेल्यात माझ्या हातच्या अकरा होत्या. मी मोजल्या होत्या.

परक्या माणसाला ते ‘ओदार’ म्हणतात. माझ्याबद्दल तो शब्द टेबलावरून फिरताना ऐकला तेव्हा लागला. चौथ्या वर्षी एका नव्या बाईची सार्मा आजींनी माझ्याकडे सरकवली, उलगडून दाखव म्हणून. त्यानंतर तो शब्द मला कधी लागला नाही.

आजींची आई आजच्या तुर्कस्तानातल्या खारपेर्तची. ऑटोमन राजवटीत झालेल्या १९१५ च्या अर्मेनियनांच्या कत्तलीत घरचं कुणी उरलं नाही, अनाथाश्रमातून ही मुलगी अमेरिकेला आली. दागिना नाही, फोटो नाही. करंगळीचं माप मात्र आलं. म्हणून मला उलगडून दाखवताना आजी हसत नव्हत्या. हे मला फार उशिरा समजलं.

आता माझं जुनं दुखणं सांगते. आमच्या इकडच्या मराठी मंडळात गणपतीला आम्ही वीसेक जणी आदल्या रात्री बसून उकडीचे मोदक करायचो. एका वर्षी बैठकीत ठरलं, गोठवलेले मोदक विकत आणायचे. वेळ कुणाला आहे, म्हणाले. मी एकटी विरोधात होते. मला सांगण्यात आलं की नैवेद्य देवाला पोचतो, कुणी वळला हे देव बघत नाही. देव बघत नसेल. पण माझ्या मुलीला कळी पाडता येते ती त्या रात्रींमुळे, आणि तिच्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या एकाही मुलीला येत नाही. तेव्हाही मी हेच म्हटलं होतं, आजही म्हणते.

ऑगस्टमध्ये मरियमच्या सणाच्या रविवारी चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद देतात. आजी त्याआधी द्राक्ष तोंडात घालायच्या नाहीत. माझी रत्नागिरीची आजी अक्षय्य तृतीयेआधी आंबा खायची नाही. त्या दोघी एका टेबलावर बसल्या असत्या तर दुभाषा लागला नसता. नाताळ यांचा ६ जानेवारीला. त्या दिवशी पाण्यात क्रूस बुडवतात आणि ते पाणी लोक घरी नेतात. तेही बघा.

एक सांगायला हवं, तिकडेही सगळं छान चाललंय असं नाही. टेबलाभोवतीच्या खुर्च्या दर वर्षी रिकाम्या होतात, नाती-सुना कमी येतात, काही पदार्थ आता दुकानातून येतात. मी एकाच गावातलं पाहिलंय, लॉस एंजेलिसचं किंवा येरेवानचं मला विचारू नका. आणि एका गावात दोन अर्मेनियन चर्च का, हे पहिल्याच दिवशी कुणाला विचारू नका. १९३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भर प्रार्थनेत त्यांच्या आर्चबिशपचा खून झाला, तेव्हापासूनची फूट आहे ती. आपल्या मंडळांच्या फुटीसारखी नाही.

कपड्यांचं विचारलंत, साधे चालतात. आत प्रार्थनेला बसणार असाल तर खांदे झाकलेले असू द्या. आणि स्वयंपाकघरात जायचं असेल तर आठवड्यातला मधला दिवस बघून सकाळी बाजूच्या दाराने जा, केस बांधून, अंगठ्या घरी काढून.