लिनक्स लॅपटॉपवर वाय-फाय सारखं अडखळतं, त्याच राउटरवर फोन मात्र नीट चालतात. काय करावं?

आधी वाय-फाय कार्डाचं पॉवर सेव्हिंग बंद करून बघा. वीज वाचवायला कार्ड मधूनमधून झोपतं, आणि काही ड्रायव्हर (कार्ड चालवणारी सॉफ्टवेअर) त्याला वेळेवर जागं करत नाहीत. म्हणून सिग्नल पूर्ण दिसतो, पण पान उघडत नाही. उबुंटूमध्ये ही सोय सहसा मुद्दाम चालू ठेवलेली असते. 'ईटीसी' (/etc) या सेटिंग्जच्या फोल्डरात नेटवर्कमॅनेजरचं, म्हणजे नेटवर्क जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं, फोल्डर असतं; त्यातल्या 'कॉन्फ डॉट डी' (conf.d) फोल्डरात 'डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' नावाची फाइल असते, तिच्यात 'वायफाय डॉट पॉवरसेव्ह'समोर 3 दिसेल. सुडो (sudo, म्हणजे अॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) वापरून फाइल उघडा, 3 च्या जागी 2 करा आणि नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करा. नेटवर्कमॅनेजरच्या मॅन्युअलप्रमाणे 2 म्हणजे बंद, 3 म्हणजे चालू. बंद करायचं म्हणून 0 टाकू नका, ही चूक फार सहज होते. 0 म्हणजे 'डीफॉल्ट असेल ते'. बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण कॉल मध्येच तुटण्यापेक्षा ते नक्कीच परवडतं.

मात्र 'डीमेसेज' (dmesg, सिस्टीमचे संदेश दाखवणारी कमांड) मध्ये फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लोड झालं नाही असं येत असेल, तर या बदलाने काही होणार नाही. तेव्हा आधी त्या कार्डाचं फर्मवेअर पॅकेज बसवा.